सिंगल मोडमधल्या दोन हाका

शेंदूरजनाघाट
अधिक ज्येष्ठ, बुधवार

जवाईबापू श्री. कुंदनराव यांना शेषरावाचा रामराम.

पत्राच्या तोंडाशी तब्येत विचारायची रीत आहे ती मले ठाऊक आहे, पण आधी हिशोब होऊ द्या, मग तब्येत. उलटं केलं तर माझीच बिघडते. तुम्ही आमच्या अडतीतल्या कॉम्प्युटरवर जे लिनक्स बसवून दिलं ते फुकटाचं आहे असं तुम्ही सांगितलं अन् मी ते साऱ्या संत्राबाजारात मिरवलं. आता फुकटाचं काय पडलं ते पाहा. एक कुलर गेला (आहे तिथंच, पण त्याचं तोंड मशीनकडे असते अन् मी बाजूले पुठ्ठ्यानं वारा घेत बसतो). लक्ष्मीच्या फोटोची जागा गेली. देवी आता वजनकाट्याच्या खोलीत पाहुणी म्हणून राहते. वरुडचा देवमन, ज्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे अन् ज्याच्याकडून मी पैशाचं वालं सॉफ्टवेअर घेतलं नाही, त्याची दोस्ती गेली. लग्नात भेटला तर माझ्या पंगतीले बसते, पण मधात एक पाट सोडून. अन् गेल्या रविवारी भरदुपारी यात आणखी एक कलम चढलं, त्याची किंमत अजून मले लावता आली नाही. ती लावायले तुम्ही पाहिजे.

आता तब्येत. आमच्या रागिणीचं डोकं दुखायचं थांबलं असेल (तिच्या मायचंही उन्हाळ्यात असंच दुखे, तळपायाले कांदा चोळायले सांगा). नातबाई करिश्माचे पुढचे दात पडले म्हणे, ते कवेलूवर फेकले का? तुमच्या अकोल्याच्या फ्लॅटले कवेलू नाहीत म्हणून मुद्दाम विचारतो. नसतील फेकले तर पुडीत बांधून इकडे आणा, आपल्या गोठ्याले आहेत. तुमचं रोज मोटरसायकलनं बार्शीटाकळीच्या कॉलेजात जाणं या उन्हात चालूच असेल; दुपट्टा ओला करून बांधत जा, उन्हाले प्राध्यापक कोण अन् गडी कोण हे कळत नाही. मी ठणठणीत आहे.

फोन करायचा सोडून कागद काहून, असं तुमच्या मनात आलंच असेल. तुमच्या घरचा फोन पोळ्यांच्या परातीजवळ स्पीकरवर ठेवलेला असते, हे मले इथं बसून लाटण्याच्या आवाजावरून कळते. हे बोलणं रागिणीच्या कानी जायचं नाही. पुसला गावचे बागवाले पंजाबराव माती तपासायले अकोल्याच्या कृषी विद्यापीठात येऊन राहिले, त्यांच्याजवळ हे देतो, अन् तुमच्याच हाती द्या म्हणून त्यांच्याकडून मारुतीची शपथ घेतली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सासऱ्याविषयी भलता समज करून घेणार नाही. भुताखेताले न भिणारा माणूस शेंदूरजन्यात एकच आहे, अन् तो हे पत्र त्याच खोलीत, त्याच मशीनसमोर, त्याच खुर्चीवर बसून लिहून राहिला. समोर काळा पडदा आहे. त्यावर ती दोन उभ्या दोन आडव्या काड्यांची खूण, अन् तिच्यापुढं ती लहानशी पट्टी लुकलुकून राहिली. आत्ताच कुलरात पाणी टाकून आलो. दुसरी गोष्ट, माझे कान. एसटी स्टँडवर टोपलीतून संत्री विकायचो तेव्हा वळणावर डायव्हरनं गिअर टाकला की गाडी थांबणार का सरळ जाणार हे मी न पाहता सांगे, अन् थांबणारी असली तरच टोपली उचले. आज ही जी अडत उभी आहे, ती माझ्या डोक्यावर नाही, कानावर उभी आहे. बागवाल्याच्या खाकरण्यावरून तो भाव घेणार का उठणार हे मले कळते. तेव्हा पुढं मी जे ऐकलं म्हणतो, ते ऐकलंच.

झालं असं की मागच्या आठवड्यात वादळ-वावधान आलं, सारी लाइन तीनदा गेली अन् तीनदा आली, अन् त्यानंतर मशीन चालू होईना. तुम्हाले फोन केला. तुम्ही सांगितलं ते मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवलं: चालू होताना पहिली यादी दिसली की ई दाबायचं, त्या लांब ओळीच्या शेवटी सिंगल असं लिहायचं, कंट्रोल अन् एक्स दाबायचं, मग ते रूटचा, म्हणजे मालकाचा, पासवर्ड मागते तो द्यायचा. हे सिंगल काय प्रकरण आहे म्हणून मी विचारलं, तर तुम्ही फार चांगलं समजावलं. म्हणाले, मामाजी, घराची डागडुजी करायची असली की पाहुणे, भाडेकरू, गडीमाणसं साऱ्यांना बाहेर काढायचं, आतून कडी लावायची, अन् घरात मालकानं एकट्यानं राहायचं; प्रिंटर नाही, काटा नाही, नेट नाही, भोंगा नाही, फक्त तुम्ही अन् मशीन. मी हाव म्हटलं. (तेव्हा मले ते सोपं वाटलं. घरात एकटं राहायची सवय मले पोळ्यापासून झालीच आहे.)

भोंग्याचं तुम्हाले सांगायले नको, तो तुमच्याच हातचा, पण माझी कलम तिकडेच वळते तर वळू द्या. टोकन कापलं की भोंग्यातून बागवाल्याचं नाव पुकारायचं, ही तुमची कल्पना. अन् आवाज रागिणीच्या मायचा असावा, ही माझी. तिनं एकेका बागवाल्याचं नाव त्या माइकसमोर घेतलं. तुम्ही म्हणाले, बांगड्या काढा, खळखळ येते. ती म्हणाली, "काहून काढू बाप्पा? सवाष्ण बाईनं आवाजासाठी हात भुंडे करावं का?" म्हणून प्रत्येक नावानंतर, ती माइक खाली ठेवे तेव्हाची बांगड्यांची खळखळ त्या मशीनमध्ये कायमची बसली. सारी नावं झाली अन् शेवटी राहिलं माझं. आपल्या बागेचा माल आला तर पुकारायचं कोणाले? नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, ते भोंग्यातून गावभर कशी घेईल? तुम्ही लय समजावलं की हे मशीन आहे, मशीनले लाज नसते. ती म्हणाली, मशीनले नसंल, मले आहे. अन् मग तिनं माझ्यासाठी जे भरलं ते साऱ्या शेंदूरजन्याले पाठ झालं होतं: "अवो, आयकलं का? घरची गाडी आली, काट्यावर या."

हाका किती द्यायच्या हाही तमाशा तुम्हाले आठवत असेल. तुम्ही दोन ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी दुपारी लिंबाखाली सारे बागवाले बसलेले, भोंगा नावं घेऊन राहिला, अन् एकही माणूस उठेना. गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. तुम्हाले वाटलं आवाज कमी आहे, तुम्ही वाढवला, तर कुत्रे पळाले पण माणसं हलली नाहीत. तुम्ही अकोल्याचे, तुम्हाले कोण सांगणार? इथं भरदुपारी अन् दिवेलागणीले पहिल्या हाकेले कोणी ओ देत नाही. दुसरीलेही देत नाही. माणूस असला तर तो तिसऱ्यांदा बोलावते. दुसरं जे असते, ते दोनदाच बोलावते. शेवटी रागिणीची माय बाहेर येऊन म्हणाली, "जवाईबापू, आवाज नका वाढवू, हाक वाढवा." तुम्ही तीन केल्या, अन् तिसरीले सारा बाजार उठून उभा राहिला.

पोळ्याले ती गेली, त्यानंतरही संत्र्याचे आंबिया अन् मृग दोन्ही बहार त्याच आवाजानं पुकारले. पंजाबराव तिसऱ्या हाकेले टोपी काढून काट्यावर येत. म्हणत, भाव तर नागपूरले चांगला होता शेषराव, पण वहिनीनं बोलावलं. फक्त घरच्या गाडीचं टोकन मी कापू दिलं नाही. आपला माल बिनहाकेचाच चढते. रागिणीनं एकदा मले सांगितलं, बाबा, ते आपल्यावालं मले एवढ्यात ऐकवू नका, मी म्हणीन तेव्हा ऐकवा. मी म्हटलं, ते कुठं पळून चाललं? अन् दुसरीकडे तिच्या मायचा आवाज कुठंच नाही, जवाईबापू. व्हिडिओ काढायले गेलं की ती श्वास धरून उभी राहे, अन् फोनवर नुसतं हाव, हाव.

तर रविवारी. शटर अर्धं ओढून घेतलं, कारण रस्त्यावर ऊन असं की डांबर पायाले ओढते. बाहेर चिटपाखरू नाही. मोसम संपलेला, काट्यावर धूळ, धर्मपाल (आपला काटेवाला) जेवायले गेलेला. मी सिंगल लिहिलं, पासवर्ड दिला, अन् मशीन एकदम गप्प झालं. जवाईबापू, ही गप्प होण्याची तऱ्हा मी आधी ऐकली नव्हती. रोज त्याच्या पोटात कायतरी कुरकुर चालू असते, दहा ठिकाणचे दहा जण आत बोलत असल्यासारखी. ती एकेक करून थांबली. मयताच्या घरातून शेवटची माणसं उठून गेल्यावर होते तसं झालं. कुलरातलं पाणी टपकत होतं, तेवढंच.

मग तुम्ही सांगितलेली ती तपासणीची आज्ञा लिहिली अन् मशीन मले प्रश्न विचारू लागलं. अमुक तुटलं आहे, जोडू का? तमुक कोणाचंच नाही, कुठं ठेवू? तुम्ही म्हणाले होते साऱ्याले हाव म्हणा, वाय दाबत जा. मी कोर्टातल्या शिकवलेल्या साक्षीदारासारखा वाय, वाय, वाय म्हणत चाललो. अन् मधात एका प्रश्नाशी माझं बोट थबकलं, म्हणजे दाबून झाल्यावर थबकलं. त्यात पुसू का असं होतं. मी लग्नपत्रिका पाहिली. तुमचेच शब्द, क्लिअर म्हणजे पुसणे. हे काय पुसलं मी? त्याआधी किती पुसले? मशीन काही नाव सांगत नाही, नुसता आकडा सांगते. कोणत्या आकड्यात पंजाबराव आहेत, कोणत्यात मागच्या सालची बिलं आहेत, अन् कोणत्यात ती आहे, हे मले कसं कळावं? तेवढ्यात प्रश्न संपले. जे बेवारस सापडलं ते हरवलं-सापडलं नावाच्या खोलीत टाकलं असं त्यानं कळवलं, अन् ती काड्यांची खूण उभी राहिली. मी खुर्चीवर तसाच.

अन् तेव्हा हाक आली.

"अवो, आयकलं का? घरची गाडी आली, काट्यावर या."

आवाज भोंग्यातूनच आला. बाहेरून, वरून, शटरच्या डाव्या अंगानं, जिथं भोंगा आहे तिथून. माझे कान यात चुकणार नाहीत. एवढंच की भोंगा बोलायच्या आधी म्हाताऱ्यासारखा घसा खाकरते, ती खरखर या वेळी झाली नाही. हवा कोरडी असली की होत नसेल. अन् बांगड्या वाजल्या. पण जवाईबापू, रेकॉर्डात बांगड्या हाकेच्या नंतर आहेत. या वेळी त्या आधी वाजल्या. कोणी माइक ठेवताना वाजतात तशा नाही, कोणी पदर सावरून दारात उभं राहताना वाजतात तशा.

मी ओ दिली नाही. जीभ टाळूले चिकटवून बसलो. घरची गाडी आली म्हणजे कोणती गाडी? मोसम नाही, झाडावर फळ नाही, टोकन मी कापलं नाही. काट्यावर या म्हणजे माझं काय वजन करायचं आहे? पुन्हा हाक आली, तीच, त्याच सुरात, जरा जवळून. अन् मी मनात म्हटलं, आता तिसरी येऊ दे, मशीन तीनदा बोलावते, तिसरी आली की हे मशीन आहे, तिसरी आली की मी ओ देतो, जोरानं देतो, साऱ्या गल्लीले ऐकू जाईल अशी. मी कान दिला. कुलरचं पाणी. तिसरी आली नाही.

हे वाचून तुम्ही हसून राहिले असाल तर हसा, मीही विचार केल्याशिवाय राहिलो नाही. अडाणी असलो तरी धंदेवाला आहे, कारण सापडल्याशिवाय मले जेवण जात नाही. माझ्या मतानं असं झालं. वावधानात तुमचा तीन हाकांचा प्रोग्राम तुटला, अन् तुमचा जुना, दोन हाकांचा, जो कुठंतरी अडगळीत पडला होता, तो त्या हरवलं-सापडलंच्या खोलीत सापडला अन् उठून बसला. बसते ना हिशोब? बसते. फक्त एक गोष्ट मले समजत नाही, ती तुम्ही समजवा. तुम्हीच सांगितलं होतं की सिंगल मोडमध्ये भोंगेवालाही बाहेर असते अन् कडी आतून लावलेली असते. मग घरात एकटा मी होतो, तर बोललं कोण?

असो. आता कामाचं. यंदा अधिक मास आहे, धोंड्याचा महिना, अन् जवाईले बोलावणं ही माझी रीतच आहे. शेजारच्या पार्वताबाई तेहतीस अनारसे करून देणार आहेत (रागिणीच्या मायसारखे जाळीदार होणार नाहीत, पण बाईचा हात साफ आहे). तर रविवारी सहकुटुंब यावं. येताना तुमचा तो लहान कॉम्प्युटर अन् वायरी आणा. रागिणीनं विचारलं तर कॉलेजचे पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगा. रविवारच काहून? कारण सोमवारी देवमन येऊन राहिला. त्या दुपारी मी जरा लगबगीनं चौकात गेलो (चप्पल घालायची राहून गेली होती, ऊन असल्यामुळे लगबग), तर समोर तोच भेटला, अन् माझ्या तोंडून निघालं, देवमन, ने ते मशीन, धुऊन काढ, तुले पाहिजे ते भर. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, जवाईबापू. माझ्यासाठी उसाचा रस मागवला. म्हणाला, शेषरावभाऊ, सारं साफ पुसून नवं टाकून देतो, मागचं काही राहणार नाही. आता मी बाजारात दिलेला शब्द आजवर फिरवला नाही, तेव्हा नाही म्हणता येत नाही. पण तो येईल तेव्हा मशीन आधीच चालू असलं, तर शब्द फिरवल्यासारखं होत नाही, मशीनच फिरल्यासारखं होते. देवमनलेही अनारसे देऊ, अन् त्याच्याकडून नवीन प्रिंटर घेऊ.

बाकी इकडे सारं क्षेम. संत्र्याले नवती चांगली फुटली आहे. करिश्माच्या दातांची पुडी विसरू नका.

आपला,
शेषराव

ता. क. भोंग्याविषयी वर जे लिहिलं, त्यात एक दुरुस्ती. धर्मपालले आज विचारलं की भोंग्याची खरखर बंद झाली का. तो म्हणाला, भाऊ, कोणता भोंगा? तो तर एप्रिलात पार्वताबाईच्या पुतण्याच्या मांडवात नेला, तो अजून तिकडेच आहे. भिंतीले नुसता खिळा आहे.

आणखी एक. हिशोबाची खाती, बिलं, टोकनं, यातलं काही निघालं नाही तरी चालेल. मी कागदावर धंदा केलेला माणूस आहे, पुन्हा करीन. तुम्ही फक्त त्या हरवलं-सापडलंच्या खोलीत पाहा, ती आहे का. नसली तर रागिणीले मी सांगीन, तुम्ही सांगू नका, वाय मी दाबलं आहे. अन् असली, तर लगेच बोलू नका. मले आधी खुर्चीवर नीट बसू द्या, मग एकदाच लावा, म्हणजे तिसरी होईल. ओ मी देतो.

खुर्चीवरून आठवलं. वर जे त्याच खुर्चीवर बसून लिहून राहिलो म्हटलं, कुलरात पाणी टाकलं म्हटलं, ते तुम्ही हे पत्र कधी रागिणीले वाचून दाखवलं तर तिच्यासाठी आहे. मी पार्वताबाईच्या ओसरीवर बसलो आहे. शटर रविवारी धर्मपालनं खाली ओढलं, ते कोणी उघडलं नाही. किल्ली धर्मपालजवळ आहे अन् तोही आत जायले तयार नाही, म्हणून कुलर आत कोरडाच चालू आहे, मले इथून ऐकू येऊन राहिला.